कॉम्प्रेसरचे शाफ्ट सील वारंवार का गळते?

शीतगृहातील किंवा बर्फाच्या कारखान्यातील मोठा कॉम्प्रेसर पाहिला, तर मोटर एका बाजूला, कॉम्प्रेसर दुसऱ्या बाजूला आणि दोघांना जोडणारे कपलिंग किंवा पट्टे मध्ये, अशी रचना बहुधा दिसते. घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच वेल्ड केलेल्या डब्यात बंद असतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. ओपन टाइप कॉम्प्रेसरमध्ये मात्र फिरणारा शाफ्ट यंत्राच्या पोटातून बाहेर येतो. तो जेथून बाहेर येतो तेथून आतले रेफ्रिजरंट, म्हणजे थंडावा निर्माण करणारे द्रव्य, बाहेर पडू नये, बाहेरची हवा आत शिरू नये आणि तरीही शाफ्ट मोकळेपणाने फिरत राहावा, या तिन्ही अपेक्षा हातात मावेल एवढ्या एका भागाकडून पूर्ण करून घ्याव्या लागतात. हा भाग म्हणजे शाफ्ट सील.

हे सील गळू लागले की बहुतेक ठिकाणी ठरलेला उपाय होतो: प्लांट थांबवायचा, जुने सील काढायचे, नवे बसवायचे, गॅस भरायचा आणि पुन्हा चालू करायचे. काही महिन्यांनी गळती पुन्हा सुरू झाली की दोष सीलच्या दर्जाला दिला जातो. गळती सीलमधून होते म्हणून बिघाडही सीलचाच असणार, हे गृहीतक मला या व्यवसायातील सर्वांत महागडी चूक वाटते. सील ही यंत्रातील सर्वांत नाजूक जागा असल्यामुळे तेलातला, अलाइनमेंटमधला (मोटर आणि कॉम्प्रेसरचे शाफ्ट एका रेषेत असण्यातला), पाइपिंगमधला किंवा यंत्र चालवण्याच्या पद्धतीतला दोष बहुतेक वेळा आधी तेथेच उघडा पडतो, आणि तो दोष तसाच ठेवून सील बदलत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे पटण्यासाठी सील काम कसे करते ते आधी पाहायला हवे. त्याचा गाभा म्हणजे एकमेकींना टेकलेल्या दोन रिंगा. एक रिंग शाफ्टबरोबर फिरते आणि दुसरी, जिला सीट म्हणतात, कव्हरमध्ये स्थिर बसलेली असते. दोहोंपैकी एक साधारणपणे कार्बनची आणि दुसरी बिडाची, कठीण पोलादाची किंवा सिलिकॉन कार्बाइडची असते. त्यांचे टेकणारे चेहरे लॅपिंग करून, म्हणजे बारीक भुकटीने घासून, इतके सपाट केलेले असतात, की त्यांची सपाटी मोजायला साधी मोजपट्टी किंवा मायक्रोमीटर पुरत नाही. त्यासाठी ऑप्टिकल फ्लॅट ही काच चेहऱ्यावर ठेवून हेलियमच्या एकरंगी प्रकाशात उमटणाऱ्या पट्ट्या मोजाव्या लागतात. अशी एक पट्टी म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन, आणि चांगल्या सीलचा चेहरा दोन-तीन पट्ट्यांच्या आत सपाट असावा लागतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो हे लक्षात घेतले, तर बोटाच्या ठशातील मळसुद्धा या जागी किती मोठा अडथळा ठरतो याची कल्पना येईल.

या दोन चेहऱ्यांना स्प्रिंग किंवा धातूचा बेलोज मागून दाबून धरतो, आणि रिंग व शाफ्ट तसेच सीट व कव्हर यांच्यामधील फटी ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल कड्या, बंद करतात. खरे रहस्य मात्र चेहऱ्यांच्या मध्ये असते. तेथे तेलाचा अत्यंत पातळ थर सतत असावा लागतो, कारण चेहरे कोरडे घासले गेले तर फार काळ टिकूच शकत नाहीत. चेहऱ्यांचा मध्यव्यास ६० मिलिमीटर असेल आणि शाफ्ट मिनिटाला १,४५० फेरे घेत असेल, तर एक चेहरा दुसऱ्यावरून सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वेगाने सरकत असतो. २,९५० फेऱ्यांना हाच वेग नऊ मीटरच्या पुढे जातो. तेलाचा तो थर घर्षण कमी करतो, निर्माण झालेली उष्णता वाहून नेतो आणि वायूला रोखूनही धरतो. म्हणूनच चालू कॉम्प्रेसरच्या सीलमधून तेलाचे मोजके थेंब बाहेर येणे हा बिघाड मानला जात नाही. उत्पादक आपल्या पुस्तिकेत त्याची मर्यादा देतात आणि अनेक यंत्रांना ते थेंब गोळा करणारी छोटी नळीही असते. थेंब दिसले की घाबरून सील उघडण्यापेक्षा ताशी किती थेंब पडतात हे मोजून लिहून ठेवावे, आणि तेलाबरोबर गॅसही येतो का हे डिटेक्टरने, तर अमोनियाच्या बाबतीत ओल्या लिटमस कागदाने तपासावे.

तेलाचा थर तुटणे हे सील खराब होण्याचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत वारंवार दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. थर तुटण्यासाठी तेल कमीच पडावे लागते असे नाही. क्रँककेसमधील, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल साठणाऱ्या भागातील, पातळी काचेत व्यवस्थित दिसत असतानाही सीलला तेल मिळत नाही, असे नेहमी घडते. कॉम्प्रेसर बराच वेळ बंद असला आणि क्रँककेस थंड पडला, की रेफ्रिजरंट तेलाकडे ओढले जाते आणि त्यात विरघळते. अनेक फ्लोरोकार्बन रेफ्रिजरंटांच्या बाबतीत हे प्रमाण खूप मोठे असू शकते. मग कॉम्प्रेसर सुरू करताच क्रँककेसचा दाब झपाट्याने उतरतो, विरघळलेले रेफ्रिजरंट एकदम उकळते आणि तेलाचा फेस होतो. पंप तेलाऐवजी फेस ओढतो, आणि नेमक्या पहिल्या काही सेकंदांत, जेव्हा सीलला तेलाची सर्वाधिक गरज असते, तेव्हा चेहरे जवळजवळ कोरडे घासले जातात. क्रँककेस हीटर हा या प्रसंगावरचा साधा उपाय आहे. वीज वाचवण्यासाठी यंत्राबरोबर हीटरचाही स्विच बंद करण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते, आणि तिची किंमत सील मोजते.

चालू यंत्रात हाच त्रास द्रवरूप रेफ्रिजरंट परत येण्यामुळे होतो. बाष्पकात (जेथे रेफ्रिजरंट उकळून थंडावा देते) किती द्रव जायचे हे ठरवणाऱ्या एक्सपान्शन व्हॉल्व्हचा तापमान जाणणारा बल्ब पाइपवरून सुटलेला असेल, बाष्पकाचा पंखा बंद पडलेला असेल किंवा कॉइलवर बर्फाचा थर चढलेला असेल, तर सगळे द्रव बाष्प होऊ शकत नाही आणि ते सक्शन लाइनमधून, म्हणजे बाष्पकाकडून येणाऱ्या पाइपमधून, कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचते. तेथे ते तेल पातळ करते आणि चेहऱ्यांवरील थर धुऊन काढते. त्यातला काही भाग दोन चेहऱ्यांच्या मध्येच उकळला, तर त्या क्षणिक दाबाने चेहरे एकमेकांपासून किंचित उचलले जातात आणि स्प्रिंगच्या जोराने पुन्हा आपटतात. असे सील काढून पाहिले तर कार्बन रिंगच्या कडा कुरतडल्यासारख्या तुटलेल्या दिसतात. ज्या प्लांटमध्ये सुपरहीट (परत येणारे बाष्प आपल्या उकळबिंदूपेक्षा किती अंशांनी जास्त गरम आहे ते) नियमित मोजून नोंदवला जात नाही, तेथे सीलच्या तक्रारीचे मूळ शोधताना मी आधी बाष्पकाकडे जाईन आणि मगच कॉम्प्रेसरकडे वळेन.

कार्बनवर येणारे फोड हे याच कुळातले, पण थोडे वेगळे दुखणे आहे. कार्बन बाहेरून गुळगुळीत दिसला तरी आतून सच्छिद्र असतो. राळ किंवा धातू भरून ही छिद्रे बुजवतात, तरी काही उरतातच. यंत्र बंद असताना रेफ्रिजरंट मुरलेले तेल या छिद्रांमध्ये झिरपते. यंत्र सुरू झाले की गार, घट्ट तेलाच्या घर्षणाने चेहऱ्याचे तापमान क्षणार्धात चढते, आणि छिद्रांतले तेल व वायू जितक्या वेगाने फुगतात तितक्या वेगाने त्यांना बाहेर पडता येत नाही. परिणामी कार्बनचा पापुद्रा उचलला जातो. फोड आलेली रिंग उजेडात तिरकी धरली, तर चकचकीत वर्तुळावर बारीक टेंगळे किंवा ती फुटून उरलेले खड्डे स्पष्ट दिसतात, आणि नख फिरवले तर जाणवतातही. एकदा टेंगूळ आले की चेहरे पूर्ण टेकत नाहीत आणि गळती सुरू होते. दिवसातून अनेकदा सुरू-बंद होणाऱ्या यंत्रांत हा प्रकार जास्त दिसतो, म्हणून सील बदलण्याआधी यंत्र तासाला किती वेळा सुरू होते हे मोजणे आणि क्षमतेचे नियंत्रण सुधारणे अधिक फलदायी ठरते.

आता रसायनाकडे वळू. यंत्रणेत ओलावा शिरला तर तेल आणि रेफ्रिजरंट यांच्याशी त्याची क्रिया होऊन आम्ले तयार होतात. एचएफसी, म्हणजे क्लोरीन नसलेल्या फ्लोरीनयुक्त, रेफ्रिजरंटांबरोबर वापरली जाणारी पॉलिओलएस्टर तेले तर हवेतला ओलावा झपाट्याने शोषून घेतात, त्यामुळे तेलाचा डबा उघडा ठेवून जेवायला जाणे हीसुद्धा गंभीर चूक आहे. ही आम्ले तांब्याच्या नळ्यांमधून अगदी सूक्ष्म प्रमाणात तांबे विरघळवतात आणि ते तांबे पुढे गरम पोलादी पृष्ठभागांवर जाऊन बसते. बेअरिंगांबरोबरच सीलचा चेहरा हीदेखील अशीच एक गरम जागा असते. तेथे तांब्याचा लालसर मुलामा चढला की मायक्रॉनच्या अंशात जपलेली सपाटी संपते. लालसर छटा दिसलेले सील बदलून काहीच साधत नाही. ओलावा शोषणारा ड्रायर बदलणे, तेलाची आम्लता तपासणे, गरज असल्यास तेल बदलणे आणि ओलावा कोठून आला ते शोधणे हाच खरा उपाय आहे.

ओ-रिंगच्या रबराची गोष्ट वेगळी आहे, आणि ती रेफ्रिजरंट बदलताना हटकून पुढे येते. ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या मॉन्ट्रियल करारानंतर जुनी क्लोरीनयुक्त रेफ्रिजरंटे टप्प्याटप्प्याने मागे पडली आणि अनेक चालू प्लांट आर-२२ वरून एचएफसीकडे वळवले गेले. आर-२२ आणि खनिज तेल यांच्या सान्निध्यात रबर वर्षानुवर्षे थोडे फुगलेले असते, आणि ते तसे फुगलेल्या अवस्थेतच आपल्या खाचेत पक्के बसलेले असते. नवे रेफ्रिजरंट आणि नवे तेल भरले की रबरात मुरलेली द्रव्ये बाहेर पडतात, रबर आकसते आणि आयुष्यात कधी न गळलेले सील त्याच आठवड्यात गळू लागते. येथे नव्या गॅसमध्ये काही खोट नसते. तो भरताना जुन्या ओ-रिंगा तशाच ठेवल्या, ही खोट असते. अमोनियासाठी निओप्रीनसारखी रबरे चालतात, तर उष्णतेला उत्तम टिकते म्हणून नावाजलेले नेहमीचे फ्लोरोकार्बन रबर अमोनियात टिकत नाही. अमोनिया तांबे आणि पितळ यांनाही खातो, त्यामुळे त्या यंत्राच्या सीलमध्ये हे धातू चालत नाहीत. मापाने जुळते म्हणून दुसऱ्या यंत्राची ओ-रिंग बसवणे हा मोह म्हणूनच टाळला पाहिजे.

यांत्रिक कारणांमध्ये अलाइनमेंट सर्वांत वर आहे. मोटरचा आणि कॉम्प्रेसरचा शाफ्ट एका रेषेत नसेल, तर कपलिंग तो फरक काही प्रमाणात सोसते, पण उरलेला भार शाफ्टला वाकवू पाहतो. शाफ्ट किंचित डगमगू लागला की फिरणाऱ्या रिंगला प्रत्येक फेरीत पुढेमागे सरकून सीटशी जुळवून घ्यावे लागते. मिनिटाला १,४५० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे २४ वेळा आणि अखंड चाललेल्या एका दिवसात जवळजवळ २१ लाख वेळा. एवढ्या वेळा सरकणारी ओ-रिंग आपल्याखालचा शाफ्ट घासते, तेथे बारीक चर पाडते, आणि नंतर नवे सील बसवले तरी गॅस त्या चरातून वाट काढतो. अलाइनमेंट गार यंत्रावर डायल गेज लावून अचूक केले असले तरी काम संपत नाही, कारण चालताना कॉम्प्रेसर आणि मोटर वेगवेगळ्या प्रमाणात तापतात आणि त्यांच्या शाफ्टची उंची वेगवेगळी वाढते. म्हणूनच उत्पादक गार अवस्थेत किती फरक ठेवायचा ते सांगतात आणि यंत्र तापल्यावर पुन्हा मोजायला लावतात. मोटरचा एखादा पाय खालच्या बैठकीला नीट टेकत नसेल आणि बोल्ट आवळून तो खाली ओढला असेल, किंवा सक्शन पाइप जबरदस्तीने फ्लँजला जुळवला असेल, तर डायल गेजवर मिळालेला आकडा फार दिवस टिकत नाही. पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रात पट्टे गरजेपेक्षा जास्त ताणले, तर तोच बाजूचा भार बेअरिंगवर येतो, आणि झिजलेल्या बेअरिंगमध्ये कोणतेही सील टिकत नाही.

दाबाच्या बाबतीत एक गोष्ट सहज निसटते. सीलची रचना सामान्यतः आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल असे धरून केलेली असते आणि तो दाब चेहरे मिटवायला मदतही करतो. अमोनिया वातावरणाच्या दाबाला उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे त्याहून कमी तापमानाला बाष्पीभवन करणाऱ्या यंत्राची सक्शन बाजू व्हॅक्यूममध्ये असते. अशा वेळी दोषी सील गॅस बाहेर सोडत नाही, तर हवा आणि तिच्याबरोबर ओलावा आत घेते. जमिनीवर तेलाचा डाग नाही, वास नाही, डिटेक्टर शांत, आणि तरीही कंडेन्सरचा दाब हळूहळू चढत राहतो. हवा कोठून येते याचा शोध सीलपर्यंत पोहोचायला अनेकदा फार उशीर होतो.

बंद पडून राहिलेल्या यंत्राचे सील चालणाऱ्या यंत्राच्या सीलपेक्षा लवकर खराब होऊ शकते, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. बराच काळ शाफ्ट फिरला नाही तर चेहऱ्यांमधील तेल निथळून जाते, चेहरे एकमेकांना चिकटतात आणि पहिल्याच सुरुवातीला कार्बनचे कण उपटले जातात. मोटारगाडीचा वातानुकूलन कॉम्प्रेसर थंडीच्या दिवसांतही अधूनमधून काही मिनिटे चालवावा असे सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. राखीव म्हणून उभा असलेला कॉम्प्रेसर उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने फिरवावा, आणि वेगळा तेल पंप असलेल्या यंत्रात आधी पंप चालवून सीलपर्यंत तेल पोहोचवावे व मगच मोटर सुरू करावी.

बसवतानाच्या चुका सांगायला सोप्या आणि टाळायला अवघड आहेत. चेहऱ्याला उघड्या बोटाने स्पर्श करणे, धागे सुटणाऱ्या फडक्याने पुसणे, शाफ्टवर कपलिंगची किल्ली बसवण्यासाठी असलेल्या खाचेच्या धारदार कडेवरून ओ-रिंग तशीच ढकलणे आणि ती आतून कापली गेल्याचे लक्षात न येणे, हे प्रकार घाईच्या वेळी घडतात. कव्हरचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळण्याऐवजी एका बाजूने पूर्ण आवळले, तर सीट किंचित पिळली जाते. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण मायक्रॉनच्या हिशेबात तो डोंगराएवढा असतो. चेहऱ्यांना त्याच कॉम्प्रेसरचे स्वच्छ तेल लावून, सीलच्या खोबणीत तेल भरून आणि शाफ्ट हाताने काही फेरे फिरवून मगच यंत्र सुरू केले पाहिजे.

या सगळ्या कारणांपैकी आपले कोणते, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे काढलेले जुने सील, आणि बहुतेक ठिकाणी त्यालाच पहिल्यांदा भंगारात टाकले जाते. ते पुसण्याआधी सीटवर उमटलेला घासल्याचा पट्टा पाहावा. कार्बनचे टेकणारे वर्तुळ ३ मिलिमीटर रुंद असेल आणि सीटवरचा पट्टा ४ मिलिमीटर असेल, तर शाफ्ट डगमगत होता आणि तपास अलाइनमेंट व बेअरिंगकडे वळला पाहिजे. पट्टा फक्त दोन समोरासमोरच्या जागी गडद आणि मध्ये फिका असेल, तर सीट पिळलेली होती. मध्यापासून बाहेर जाणाऱ्या केसासारख्या भेगा कोरड्या घर्षणाची उष्णता सांगतात, तर एकाभोवती एक अशा गोल चरा तेलात कचरा असल्याचे दाखवतात. टणक होऊन तडकलेली ओ-रिंग अति उष्णतेची खूण असते आणि फुगून मऊ झालेली ओ-रिंग चुकीच्या रबराची. दोन्ही चेहरे अगदी निर्दोष, सारख्या चमकीचे निघाले, तर गळती तेथून नव्हतीच. ती ओ-रिंगपाशी, शाफ्टवरील चरात किंवा कव्हरच्या गॅस्केटमध्ये शोधायला हवी.

ही तपासणी करायला वेळ लागतो हे खरे आहे, पण तो वाया जात नाही. आर-४०४ए सारखे रेफ्रिजरंट शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट तापमानवाढ घडवू शकते, आणि अमोनियाची गळती तर यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर व फुप्फुसांवर थेट घाला घालते. म्हणून काढलेले प्रत्येक सील एका स्वच्छ पिशवीत ठेवून तिच्यावर यंत्राचा क्रमांक, तारीख, चाललेले तास, तेलाचे नाव, ताशी थेंब आणि गेल्या वेळी बदललेल्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. पुढचे सील निघेल तेव्हा दोन्ही रिंगा शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि गडद चट्टे दोन्ही सीटवर कव्हरच्या त्याच बोल्टांसमोर पडलेले दिसले, तर तिसरे सील मागवण्याआधी कव्हर उतरवून त्याची बैठक तपासायला द्यावी.